कोल्हापुरात वाढताना वाचायची-लिहायची गोडी तुम्हाला कुणी लावली?

गंगावेशकर

वाचनाची आवड घरातूनच लागते, घरात पुस्तकांचं कपाट पाहिजे, असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही. आमच्या घरात शाळेची पुस्तकं सोडली तर छापील म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, भिंतीवरचं कॅलेंडर आणि देवघरातली पोथी. तरी मी वाचणारा झालो, पुढं लिहायलाही लागलो. माझ्या वयाची पेठांतली कितीतरी पोरं अशीच वाचायला लागली. घरी कपाट नव्हतं, पण गावात पुस्तक उसनं मिळत होतं. माझं म्हणणं असं आहे की गोडी लागते ती उसन्या पुस्तकानं. परत द्यायचं असतं म्हणून ते वाचून होतं, आणि परत द्यायला गेलं की दुसरं हाताला लागतं.

वडील गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. वर्ष उलटलं की तिथल्या जुन्या वह्या घरी यायच्या. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. शेतकऱ्याचं नाव, गाव, रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, भाव काय लागला, त्यातनं अडत, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात काय पडलं, सगळं वडिलांच्या एकसारख्या अक्षरात. मी त्या वह्या गोष्टीसारख्या वाचायचो. साळवण, कळे, बाजारभोगाव, सरवडे, ही गावं मला आधी तिथंच भेटली. एखाद्याचा गूळ दरसाल यायचा आणि एका साली आलाच नाही, की मी डोकं खाजवत बसायचो. ऊस वाळला? गुऱ्हाळ बंद पडलं? का माणूसच राहिला नाही? त्याच वहीच्या मागं कोरी पानं उरलेली असायची. मी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काही लिहिलं ते तिथं, साळवणच्या अशाच एका माणसाबद्दल, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं.

पुस्तकं मात्र मिळाली ती गल्लीतल्या मंडळाच्या वाचनालयात. तालमीला लागून एक खोली, दोन बाकं, लाकडी पट्टीत अडकवलेले पेपर. लाल मातीचा वास थेट पुस्तकांपर्यंत यायचा. तिथं बसणारे काका वर्गणीचं फार बोलायचे नाहीत. "ने, पण बुधवारच्या आत आण, वाट बघणारी हाईत," एवढंच. माझ्यामागं कुणीतरी त्या पुस्तकाची वाट बघतंय, हे कळल्यावर मी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून ते संपवायचो. पुढं करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घेतलं. १८५० सालापासून चालत आलेली ती संस्था. तिथली कपाटं बघून पहिल्या दिवशी छाती दडपली होती.

लिहायची गोष्ट अजून वेगळी. शाळेच्या निबंधात घरची बोली आली की खाली लाल रेघ यायची. त्यामुळं लिहायचं म्हणजे आपण बोलत नाही तसं लिहायचं, असंच डोक्यात बसलं होतं. मग पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथा हातात आल्या. आमची आजी बोलते तसं बोलणारी माणसं छापील पानावर, आणि तीही कुणी हिणवायला आणलेली नाहीत, कथा त्यांचीच! ते पुस्तक मी वाचनालयाला उशिरा परत दिलं, मुद्दाम.

तर मंडळी, तुम्ही सांगा. पहिलं पुस्तक तुमच्या हातात कुणी ठेवलं? आणि लिहायला कशामुळं लागलात?

भुदरगडी

दादा, वह्यांचं वाचून मन भरलं. आमच्याकडं वहीसुद्धा नव्हती, पेपर होता. तोही घरी न्हवं, दूध डेअरीवर.

सकाळी सहाला किटली घेऊन रांगेला उभं राहायचं. दूध मापायचं, नमुना काढायचा, फॅट लागेपर्यंत सगळी तिथंच कट्ट्यावर. डेअरीत पेपर यायचा आदल्या दिवसाचा. वाचता येणारी मोठी माणसं होती की, पण चष्मा कुणाचा घरी, कुणाचा फुटलेला. मग "ए पोरा, वाच रं जरा मोठ्यानं" म्हणून मला पुढं ढकलायचे. मी चौथीत असंन. पहिल्यांदा अडखळलो की कुणी हसलं न्हाई. "दमानं वाच" म्हणायचे. अग्रलेख वाचून दाखवला की त्यावर तासभर वाद. शेतकऱ्याच्या दराचं काही असलं की परत एकदा वाचायला लावायचे. मला अर्थ निम्मा कळायचा, पण वाक्य कुठं थांबतंय, कुठं चढतंय, हे कानाला कळायला लागलं ते त्या कट्ट्यावर.

पुढं गारगोटीला शिकायला गेलो, मौनी विद्यापीठात. जे. पी. नाईकांनी १९५२ च्या सुमाराला खेड्यातल्या पोरांसाठी उभं केलेलं ते. तिथं पुस्तकांची कपाटं बघितली आणि आठवडाभर आत शिरायचा धीर झाला न्हाई. एक सर हाताला धरून घेऊन गेले.

तुमचं उसन्याचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. फक्त त्यात एक घालतो. मोठ्यानं वाचायला सांगणारं कुणीतरी पाहिजे. एकट्यानं वाचणं मागनं येतं.

तेराव्या गल्लीतला

मी थोडा विरोधात लिहितो, गंगावेशकरांनी राग मानू नये.

आमचं घर राजारामपुरीत, वडील नोकरदार. शाहू स्मारकला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की वडील आम्हा भावंडांना घेऊन जायचे आणि प्रत्येकाला एक पुस्तक स्वतः निवडायला लावायचे. मध्ये बोलायचे नाहीत. मी जाडजूड बघून निवडलं, पहिल्या दहा पानांत कंटाळलो, तर म्हणाले, "राहू दे कपाटात, दोन वर्षांनी बघ." दोन वर्षांनी खरंच वाचलं. वाचनालयाचं पुस्तक असतं तर ते तेव्हाच परत गेलं असतं आणि आमची गाठ पडली नसती. आपलं पुस्तक आपली वाट बघत थांबतं, उसनं थांबत नाही. शिवाय पेन्सिलीनं रेघ ओढायची मुभा. माझ्या त्या पुस्तकांत माझ्याच बाराव्या, सोळाव्या, पंचविसाव्या वर्षीच्या रेघा आहेत, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच वाक्याखाली.

दिवाळी अंकांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा. अंक आम्ही कधीच विकत घेतले नाहीत. वाचनालयाच्या योजनेत नाव घालायचं आणि मार्चपर्यंत एकेक अंक घरी. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला ही सवय आहे आणि ती वाचनालयांनीच टिकवली.

पुस्तकांचा राखणदार

सार्वजनिक ग्रंथालयात आयुष्य घालवून निवृत्त झालोय, त्यामुळं हा धागा वाचून गप्प बसवेना.

उसनं पुस्तक मिळणं हे या गावात आपोआप घडलेलं नाही. त्यामागं बरंच केलेलं आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळातला एक रुपया! त्याच्याही आधी, १९०१ पासून, एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर त्यातली काही आजही दिसतील. खेड्यातलं पोर इथं येऊन राहिलं, वाचायला शिकलं, मग त्याला पुस्तक लागलं. आणि १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला हा पहिला ग्रंथालय कायदा. मद्रासचा कायदा १९४८ चा, आणि आपल्या महाराष्ट्राचा तर १९६७ चा. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या देशभरातल्या पोरांना हे परीक्षेसाठी पाठ करावं लागतं, आणि आपल्या गावात मात्र फार कुणाला ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता कामाचं सांगतो. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा, वर्गीकरणाचा क्रमांक घालायचा, मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी डकवायची. त्या चिठ्ठीवरनं मला वाचकांची सगळी कुंडली कळायची. एखाद्या पुस्तकाची चिठ्ठी वर्षात भरून दुसरी डकवावी लागायची. एखाद्यावर दहा वर्षांत एकच तारीख. असं पुस्तक मी मुद्दाम देवघेवीच्या टेबलावर, माझ्या कोपरापाशी ठेवायचो. कुणीतरी "हे काय?" म्हणून उचलायचंच. त्या एका तारखेच्या पुस्तकांनी मला खूप चांगले वाचक मिळवून दिले.

तेराव्या गल्लीतल्या मित्रांनी लिहिलं की उसनं पुस्तक थांबत नाही. दादा, थांबतं. आम्ही थांबवून ठेवतो. तुम्ही दोन वर्षांनी आलात तरी ते त्याच फळीवर असतं.

हुपरीची लेक

मी वाचायला शिकले ती बायकांत.

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. आई, मावशी, शेजारच्या दोन-तीन काकू दुपारी आमच्या सोप्यात बसून पैंजणाच्या कड्या जोडायच्या. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मोकळे. मग मला वाचायला बसवायच्या. गावातल्या वाचनालयातनं कादंबरी आणायची, रोज थोडी थोडी. आई म्हणायची, "मी आज लई दमलो बघ, पण आजचं वाचून टाक, त्या पोरीचं काय झालं कळल्याबिगर झोप न्हाई लागायची."

आणि त्या नुसत्या ऐकायच्या नाहीत. भांडायच्या. एका कादंबरीत नायिका नवऱ्याकडं परत जाते. पान संपलं तर मावशीनं हातातली कडी खाली ठेवली. "परत का गेली? हिनं जायाला नको हुतं." दुसरी म्हणाली, "जाईल कुठं? माहेरात भाऊ हाय, भावजय हाय." हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या वहीत त्या गोष्टीचा दुसरा शेवट लिहिला. तीत ती परत जात नाही, कोल्हापूरला येऊन खोली घेते. मी तो वाचून दाखवला आणि पुस्तकातलाच आहे असं त्यांना वाटलं. मावशी म्हणाली, "आता बरोबर लिवलंय त्यानं."

मी लिहायला लागले ती तिथून. आज माझ्या कथा छापून येतात. अजूनही लिहून झालं की ते मोठ्यानं वाचते, आणि सोप्यातली कुठली बाई कुठल्या वाक्याला हात थांबवेल, ते डोळ्यांसमोर आणते.

भुदरगडी दादांना दुजोरा. मोठ्यानं वाचलेलं कधी विसरत नाही.

गंगावेशकर

ताई, त्या सोप्यावर एक आख्खी कथा लिहा. मावशींचं ते वाक्य काळजात घुसलं.

राखणदार काका, १९४५ च्या कायद्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळाचं ते एका खोलीचं वाचनालय ज्या मातीत उगवलं, ती कुणी नांगरून ठेवली होती ते आज कळलं.

तेराव्या गल्लीतले दादा, राग कसला? रेघांचं तुमचं म्हणणं पटलं. ज्याला परवडतं त्यानं पुस्तक जरूर विकत घ्यावं. मी बोलतोय ते परवडत नव्हतं त्या घरांबद्दल. तिथं पोराला "आधी कपाट कर, मग वाच" असं सांगणं म्हणजे दार लावून घेणं आहे.

शिवाजी विद्यापीठ, दुसरं वर्ष

मी तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे. मोबाईलवर लिहिते. बसमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, खर्डेकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. अडचण अशी की संवाद बोलीत लिहिलेले चालतात, पण निवेदनसुद्धा आमच्या राधानगरीकडच्या बोलीत लिहिलं तर मैत्रिणी म्हणतात, "हे अवघड जातंय, प्रमाण भाषेत लिही." मी काय करावं?

भुदरगडी

पोरी, लिही तशीच. आनंद यादव कागलचे. बाप शेतात राबायला लावतोय आणि पोरगं शाळेसाठी झगडतंय, ती कहाणी त्यांनी 'झोंबी'त लिहिली आणि १९९० साली साहित्य अकादमी मिळवली. मळ्यातले शब्द त्यांनी पुसून टाकले न्हाईत. गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांना 'तणकट'साठी २००१ साली, आणि पन्हाळ्याकडच्या कृष्णात खोतांना 'रिंगाण'साठी २०२३ साली तोच पुरस्कार मिळाला. ह्या एका जिल्ह्यातल्या मातीनं मराठीला काय काय दिलंय बघ. वाचणाऱ्याला दोन पानं अवघड जातात, तिसऱ्या पानावर कान लागतो.

हुपरीची लेक

मी थोडं वेगळं सांगते. दोन्ही करून बघ. एकच प्रसंग एकदा बोलीत लिही, एकदा प्रमाण भाषेत, आणि दोन्ही मोठ्यानं वाच. कुठल्या निवेदनात माणूस खोटा वाटतोय ते जिभेला लगेच कळतं. माझ्या काही कथा बोलीशिवाय उभ्याच राहत नाहीत. पण एका कथेतली बाई शिकून बँकेत लागलेली होती, तिची कथा बोलीत लिहिली तर मला ती ओढूनताणून वाटली. मैत्रिणी अवघड म्हणतात तेवढ्यासाठी बदलू नको, पात्र मागत असेल तर बदल. आणि कॉलेजच्या वार्षिक अंकाला पाठव. तिथं छापून आलेलं पान हातात घेतलं की आपण लिहिणारे आहोत यावर आपलाच विश्वास बसतो.

बावड्याची आई

सगळं वाचलं, फार छान वाटलं, पण माझा प्रश्न आजचा आहे. मुलगा नऊ वर्षांचा. कसबा बावड्यात राहतो. घरी पुस्तकं आहेत, मी हौसेनं आणलेली. तो हात लावत नाही, मोबाईल मात्र सोडत नाही. ओरडून झालं, बक्षिसं लावून झाली. कपाट आहे आणि वाचणारा नाही, अशी आमची गत.

पुस्तकांचा राखणदार

ताई, माझ्या अनुभवातलं सांगतो. त्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक तुम्ही निवडलेलं आहे. त्याला एकदा ग्रंथालयात न्या, बालविभागात सोडा आणि तुम्ही पेपर वाचत लांब बसा. तो भुताचं आणेल, क्रिकेटचं आणेल, नुसती चित्रं असलेलं आणेल. आणू दे. "हे कशाला?" हा शब्द तोंडातून काढू नका. मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड काढा, आईच्या कार्डावर नको. टेबलावर पुस्तक त्यानं स्वतः ठेवायचं, सही त्यानं करायची. नऊ वर्षांच्या पोराला सही करायला मिळाली की तो वीतभर उंच होतो, मी शेकडो वेळा बघितलंय.

मोबाईल हातात आहेच, तर त्याचाही उपयोग करा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. त्यातली कोडी तुम्ही दोघं मिळून सोडवा.

आणि रात्री दहा मिनिटं त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. गोष्ट ऐन रंगात आली की थांबा. पुढचं पान तो आपण होऊन उघडेल.

तेराव्या गल्लीतला

आणि एखाद्या रविवारी विद्यापीठातल्या वि. स. खांडेकरांच्या संग्रहालयाची माहिती काढून त्याला तिथं घेऊन जा. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून मास्तरकी केलेला माणूस १९३८ ला कोल्हापुरात आला, इथलाच झाला आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यानं मिळवून दिलं. लिहिणारा माणूस कसा राहत होता, काय वापरत होता, हे मुलांना बघायला मिळालं पाहिजे. माझी पुतणी तिथून आली आणि तिनं घरात स्वतःसाठी लिहायचा कोपरा मागितला. दिला. खिडकीजवळचा.

बावड्याची आई

राखणदार काका, काल घेऊन गेले होते. तुमचं ऐकून लांब बसले. त्यानं सापांवरचं पुस्तक आणलं. मला सापाची शिसारी आहे, तरी एक शब्द बोलले नाही. रात्री जेवताना त्यानं मण्यार आणि नाग यांतला फरक आम्हाला समजावून सांगितला आणि झोपताना विचारलं, "हे परत दिल्यावर दुसरं सापाचं असेल का?" कार्ड त्याच्या नावाचं काढलंय. सही करताना जीभ बाहेर काढून, सावकाश केली.

एक विचारायचं राहिलं. शनिवारी शाळा अर्धी असते. बालविभाग दुपारी उघडा असतो का, की संध्याकाळीच जावं?

पुस्तकांचा राखणदार

प्रत्येक ग्रंथालयाची वेळ वेगळी असते ताई. तुमच्या कार्डाच्या मागं छापलेली असेल, नसली तर देवघेवीच्या टेबलावर विचारा. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी मिळालं तर दुपारीच न्या. आणि सापांचं पुढचं पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर त्याला मागणी नोंदवायला लावा. आलं की त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतील.